साडेतीन लाखांचं मंगळसूत्र: त्यात सोनं किती आणि नाव किती?

वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जिओ वर्ल्ड प्लाझा सुरू झाला आणि कार्तिए, बुल्गारी अशा परदेशी जवाहिऱ्यांची दालनं मुंबईत दिसू लागली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथून जवळच, नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये, बुल्गारीने आपल्या सर्पाकृती दागिन्यांचं ‘सेर्पेंती इन्फिनितो’ हे प्रदर्शन भरवलं. पुणे, नाशिक, कोल्हापूर इथेही लग्नसराईच्या तोंडावर हॉटेलांच्या हॉलमध्ये ‘एक्स्क्लुझिव्ह’ दागिन्यांची प्रदर्शनं लागतात. बातमीत फोटो नट्यांचे असतात. एवढ्या किमतीचं त्या दागिन्यात असतं तरी काय, हे मात्र कुणी सांगत नाही.

हा प्रश्न २०२१ मध्ये घराघरांत पोहोचला. बुल्गारीने खास भारतासाठी मंगळसूत्र काढलं, किंमत ३ लाख ४९ हजार रुपये. १८ कॅरेट सोनं, काळ्या मण्यांच्या जागी ओनिक्स हा काळा खडा आणि बारीक हिरे. ‘एवढ्या पैशांत आमच्या सराफाकडे भरगच्च मंगळसूत्र आणि वर पाटल्या होतील’, असं कितीतरी बायका म्हणाल्या. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. दोन्ही दुकानांत विकली जाणारी वस्तू मात्र एक नाही, आणि तो फरक समजला की दालनं, प्रदर्शनं आणि त्यांचे भाव यांचा अर्थ लागायला लागतो.

आधी दागिन्याची किंमत उकलून पाहू

कोणत्याही दागिन्याच्या किमतीत चार थर असतात: धातू, खडे, घडणावळ आणि नाव. त्यावर कर. घडणावळ म्हणजे दागिना घडवण्याची मजुरी. बिलात ती ‘मेकिंग चार्जेस’ म्हणून येते. नाव म्हणजे दुकानाच्या लौकिकाचे पैसे.

एक शब्द इथेच स्पष्ट करतो. सोन्यात कॅरेट म्हणजे शुद्धता: २४ कॅरेट शुद्ध, २२ कॅरेटमध्ये शेकडा साधारण ९१.६ भाग सोनं, १८ कॅरेटमध्ये ७५ भाग. हिऱ्यात कॅरेट हे वजन असतं, एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. हिऱ्यांचे दागिने बहुधा १८ कॅरेटमध्ये करतात, कारण २२ कॅरेटचं सोनं मऊ असतं आणि बारीक खडा त्यात घट्ट धरून राहत नाही. त्यामुळे १८ कॅरेट पाहून ‘कमी प्रतीचं’ म्हणून नाक मुरडू नये. पैसे मात्र २२ चे देऊन येऊ नये.

आता साधा हिशेब. सोपं जावं म्हणून शुद्ध सोन्याचा भाव १० ग्रॅमला एक लाख धरू. सराफाकडे २० ग्रॅमची २२ कॅरेटची माळ घेतली तर सोन्याचे सुमारे १ लाख ८३ हजार. घडणावळ १५ टक्के धरली तर साडेसत्तावीस हजार. वर ३ टक्के जीएसटी. बिल झालं सुमारे २ लाख १७ हजार. त्याच भावाला उद्या ही माळ मोडायला नेली तर घडणावळ आणि कर गेले. घट वजा करून १ लाख ८३ हजारांच्या आसपास रक्कम मिळेल. म्हणजे शंभरातले चौऱ्याऐंशी परत आले.

आता तेवढ्याच किमतीचं एखाद्या ब्रँडचं नाजूक पेंडंट घ्या. ते १८ कॅरेटचं, समजा ५ ग्रॅमचं. शुद्ध सोनं पावणेचार ग्रॅम, म्हणजे साडेसदतीस हजार. बारीक हिऱ्यांना मोडीत फारसं काही मिळत नाही. उरलेली रक्कम डिझाइन, जडावकाम, दालनाचं भाडं, जाहिरात आणि नाव यांत वाटली गेली.

मुंबईतला फ्लॅट घेताना असंच होतं. विटा-सिमेंट डोंबिवलीत आणि दादरला एकाच भावाचं, पण दादरला आपण पत्त्याचे पैसे मोजतो. फरक असा की फ्लॅट विकताना पत्त्याचे पैसे परत मिळतात. सराफाच्या काट्यावर ठेवलेल्या दागिन्याला नावाचं वजन नसतं.

मग हे नाव तयार होतं कसं?

इथे दालनं आणि प्रदर्शनं येतात. पण प्रदर्शन म्हणून आपण चार निरनिराळ्या गोष्टी ओळखतो, त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिली व्यापाऱ्यांची. जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल दरवर्षी मुंबईत ‘इंडिया इंटरनॅशनल ज्वेलरी शो’ भरवते. तिथे सराफ माल बघून ऑर्डरी देतात, सामान्य गिऱ्हाइकाला प्रवेश नसतो. दुसरी हॉटेलातली विक्री-प्रदर्शनं. त्यांच्याकडे पुढे येऊ. तिसरी संग्रहालयांची, जिथे काहीच विकायला नसतं. आणि चौथी ब्रँडने स्वतःच्या इतिहासाची मांडलेली, ‘सेर्पेंती’सारखी. तिथेही काउंटर आणि बिल दिसत नाही, तरी नाव घडवण्याचं सगळ्यात मोठं काम तिथेच होतं.

कार्तिएचं उदाहरण घेऊ, कारण त्यात आपलाही वाटा आहे. १८४७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली ही पेढी १८९९ मध्ये रू द ला पे या रस्त्यावर आली. घराण्याच्या तिसऱ्या पिढीतला जाक कार्तिए १९११ मध्ये दिल्ली दरबाराच्या निमित्ताने हिंदुस्थानात आला. इथल्या राजेरजवाड्यांकडे खड्यांच्या राशी होत्या. त्यांना ते खडे पॅरिसच्या नव्या पद्धतीने, प्लॅटिनममध्ये बसवून हवे होते.

पटियालाचे महाराजा भूपिंदर सिंग यांनी १९२५ मध्ये आपले खडे कार्तिएकडे सोपवले. १९२८ मध्ये हार तयार झाला. त्यात २,९३० हिरे होते आणि मधोमध २३४.६५ कॅरेटचा ‘डी बीअर्स’ हिरा, म्हणजे जवळजवळ ४७ ग्रॅमचा एकच खडा. १९४८ च्या सुमारास हा हार पटियालाच्या खजिन्यातून नाहीसा झाला. तो मोठा हिरा १९८२ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात एकटाच प्रकट झाला. १९९८ मध्ये हाराचा सांगाडा लंडनमध्ये सापडला, मोठे खडे उपटलेले. कार्तिएने तो घेतला आणि रिकाम्या घरांत कृत्रिम खडे बसवून हार पुन्हा उभा केला.

या हाराकडे जरा थांबून पाहावं असं मला वाटतं. त्यातले सर्वांत मौल्यवान खडे गेले आहेत, त्यांच्या जागी नकली आहेत. तरीही हा जगातल्या सर्वांत प्रसिद्ध हारांपैकी एक. म्हणजे आज त्याचं जे मोल आहे ते मुख्यतः खड्यांत नाही; महाराजा, पॅरिसची कार्यशाळा, हाराचं नाहीसं होणं आणि शोध या हकिकतीत आहे. दागिन्याच्या अशा हकिकतीला, तो कुणी घडवला आणि कुणाकुणाच्या अंगावर होता या पुराव्याला, व्यापारात ‘प्रोव्हनन्स’ म्हणतात. आपण त्याला पूर्वपीठिका म्हणू.

मोठ्या पेढ्या ही पूर्वपीठिका गोळा करतात. कार्तिए आपलेच जुने दागिने लिलावांत बोली लावून परत विकत घेते आणि १९८३ पासून त्यांचा स्वतंत्र संग्रह सांभाळते. हेच नग जगभरच्या संग्रहालयांत जातात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये २०२५ च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत कार्तिएचं मोठं प्रदर्शन होतं, साडेतीनशेहून जास्त वस्तूंचं. तिकीट काढून लोक आत जातात, काचेआड राण्यांचे मुकुट बघतात, आणि बाहेर आल्यावर त्याच नावाच्या दुकानातली साधी अंगठीही त्या मुकुटांची धाकटी बहीण वाटायला लागते.

बुल्गारीची गोष्ट वेगळी, रीत तीच. सोतिरियो बुल्गारी या ग्रीक चांदी-कारागिराने १८८४ मध्ये रोममध्ये दुकान काढलं. सापाच्या वेटोळ्याचं मनगटी घड्याळ १९४८ च्या सुमारास आलं. १९६० च्या दशकात ‘क्लिओपात्रा’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी रोममध्ये असलेल्या हॉलिवूडच्या नटी एलिझाबेथ टेलरने ते घातलं आणि साप जगप्रसिद्ध झाला. २०११ पासून बुल्गारी एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाकडे आहे, टिफनीही आता त्यांचीच. कार्तिए रिशमाँ या स्विस समूहाची. म्हणजे ‘घराण्याची पेढी’ असं वातावरण दालनात असलं तरी पाठीमागे शेअर बाजारात नोंदलेल्या महाकाय कंपन्या आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने प्रदर्शन हा खर्च नसून गुंतवणूक आहे.

आपल्याकडे काय आहे?

इथे मला मनापासून एक तक्रार मांडायची आहे. निजामाचे दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. १७३ नग. त्यात १८४.७५ कॅरेटचा जेकब हिरा आहे, बसरा मोत्यांचे सातलडी हार आहेत. हा संग्रह रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतो. २००१, २००७ आणि २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो काही काळ लोकांना दाखवला गेला. खाजगी कंपनी आपला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास जगभर फिरवते, आणि जनतेच्या पैशाने घेतलेला हा ठेवा जनतेला क्वचित दिसतो. सुरक्षेचा खर्च मोठा आहे हे मान्य. पण लंडनच्या टॉवरमध्ये राजमुकुट रोज दाखवतातच. आपल्या कारागिरांनी काय केलं होतं हे आपल्या मुलांनी परक्या ब्रँडच्या प्रदर्शनात जाऊन बघायचं, हे मला पटत नाही.

कारागिरांचा विषय निघालाच आहे तर: झवेरी बाजाराच्या माड्यांवर बंगाली कारागीर जे जडावकाम करतात, सुरतेत जे हिरे पैलू पाडून निघतात, त्यांतलं पुष्कळसं काम जगभरच्या दालनांत पोहोचतं. नावाचे पैसे मात्र ज्याची मोहोर असते त्याला मिळतात. आपल्या सराफांनी आपल्या उत्तम कारागिराचं नाव दागिन्याबरोबर द्यायला सुरुवात केली, तर हा चौथा थर आपणही कमावू शकू.

‘म्हणजे नाव ही निव्वळ हवा आहे?’

नाही. लिलावात नावाला खरे पैसे मिळतात. पेढीची मोहोर आणि क्रमांक असलेल्या नगाला ‘साइन्ड पीस’ म्हणतात. तसाच बिनमोहरेचा दागिना आणि हा, यांच्या बोलीत मोठा फरक पडतो. आणि पूर्वपीठिकेचं बळ बघायचं तर ‘ला पेरेग्रिना’ हा मोती. नट रिचर्ड बर्टनने तो १९६९ मध्ये ३७ हजार डॉलरला घेऊन आपल्या बायकोला, एलिझाबेथ टेलरला दिला. तिच्या मृत्यूनंतर, २०११ च्या लिलावात, तिने तो मोती बसवून करवून घेतलेला कार्तिएचा हार १ कोटी १८ लाख डॉलरला गेला.

पण ही उदाहरणं एकमेव नगांची आहेत, ज्यांना ‘हाय ज्वेलरी’ म्हणतात: डिझाइन एकदाच, दागिना एकच. दालनात आपल्यासमोर ट्रेवर येतो तो बहुतेकदा हजारोंनी बनणारा नग असतो. नाव तेच, पण दुर्मीळपणा नाही. एकमेव नगाची कीर्ती हजारोंनी बनणाऱ्या नगाला चिकटवणं, या सगळ्या खटाटोपाचा हेतूच तो. त्यामुळे ‘कार्तिएचे दागिने लिलावात करोडोंना जातात’ हे खरं असलं तरी आपल्या अंगठीबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय लिलावगृह दोन्हीकडून दलाली घेतं, आणि विकायला खोका, बिल, प्रमाणपत्र सगळं जपलेलं लागतं.

‘हिरा तर कायमचा असतो ना?’

हिरा टिकतो, भाव टिकेलच असं नाही. याची साक्ष मोत्यांनी दिली आहे.

१९१७ मध्ये जाकचा भाऊ पिएर कार्तिए याला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर दुकानासाठी वाडा हवा होता. मालक मॉर्टन प्लांट. त्याच्या बायकोला कार्तिएचा दुपदरी मोत्यांचा हार आवडला होता, किंमत दहा लाख डॉलर. सौदा ठरला: हार आणि वर शंभर डॉलर, बदल्यात वाडा. त्या काळी इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती मुंबईत येत, इथे निवडले आणि वेजले जात. मुंबई ही मोत्यांची जागतिक पेठ होती. आपल्या आज्यांच्या नथीतले बसरा मोती त्याच वाटेने आले. तेवढ्यात जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती पिकवण्याचं तंत्र साधलं. १८९३ मध्ये अर्धगोल मोती जमला, १९२० च्या दशकात गोल मोती बाजारात आले. मग जागतिक मंदी. मोत्यांचे भाव कोसळले. मिसेस प्लांट यांचा तो हार १९५७ मध्ये दीड लाख डॉलरच्या आसपास विकला गेला. वाडा आजही कार्तिएकडे आहे.

आज हिऱ्यांच्या बाबतीत तसंच काहीसं चालू आहे. ‘लॅब-ग्रोन’ म्हणजे कारखान्यात वाढवलेला हिरा. तो नकली नव्हे, कार्बनचाच स्फटिक आहे. सराफाच्या साध्या टेस्टरला तो नैसर्गिक हिऱ्याहून वेगळा ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. सुरतेत तो मोठ्या प्रमाणावर होतो. २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना भेट दिला तो ७.५ कॅरेटचा हिरा याच जातीचा. हे हिरे इतके स्वस्त झाले की डी बीअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने आपला ‘लाइटबॉक्स’ हा लॅब हिऱ्यांचा ब्रँड २०२५ मध्ये बंद करायचं जाहीर केलं. नैसर्गिक हिऱ्यांवरही ताण आला आहे. मोठ्या पेढ्या नाव, इतिहास, वारसा यांवर इतका भर देतात त्याचं एक कारण हेही आहे: खडा कारखान्यात बनवता येतो, पूर्वपीठिका बनवता येत नाही. बसरा मोत्यांचंही तसंच झालं. जे अस्सल आणि जुने उरले, त्यांना आज पुन्हा चांगली किंमत आहे.

‘आम्हाला कार्तिए परवडत नाही, हॉटेलातल्या प्रदर्शनाचं सांगा’

खरी जोखीम तिथेच आहे, कारण तिथला विक्रेता रविवारी संध्याकाळी सामान बांधून दुसऱ्या गावी जातो.

सोन्यावर हॉलमार्क बघा. भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, अशा तीन खुणा असतात. एचयूआयडी म्हणजे त्या एकाच नगाचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून, जिथे हॉलमार्किंग सक्तीचं आहे त्या जिल्ह्यांत, त्याशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये क्रमांक टाकला की कोणी, कधी, किती शुद्धतेचा म्हणून नोंदवला ते तिथल्या तिथे दिसतं.

एक पळवाट मात्र माहीत हवी. कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे, आणि हॉटेलातल्या प्रदर्शनांत नेमका हाच माल जास्त असतो. कुंदनकामात खड्याभोवती सोन्याचा पातळ पत्रा दाबतात आणि पोकळीत लाख हा राळेसारखा पदार्थ भरतात. लाखेचं वजनही काट्यावर येतं. म्हणून बिलावर एकूण वजन, खड्यांचं वजन, लाखेचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून मागा. पोलकी म्हणजे पैलू न पाडलेला हिरा. तो नैसर्गिक आहे की लॅबचा, हेही लिहून घ्या. पैलूदार हिऱ्याला जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. ‘आमचंच सर्टिफिकेट आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. तीन टक्के वाचतात, पण उद्या तक्रार करायला हातात कागद उरत नाही.

‘परदेशातूनच आणलं तर?’

परदेशी घडलेल्या दागिन्यावर भारतात सीमाशुल्क लागतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते २५ वरून २० टक्क्यांवर आणलं. म्हणून तोच नग दुबई किंवा पॅरिसच्या दालनात स्वस्त दिसतो. प्रवासात आणला तर ठराविक सवलतीच्या वर तो जाहीर करून शुल्क भरावं लागतं. न सांगता आणला आणि पकडला गेला तर दागिना जप्त होऊ शकतो, दंड वेगळा. पुणे-मुंबईच्या नातेवाइकांसाठी दुबईहून दागिने घेऊन येणाऱ्यांनी बिल बॅगेत नव्हे, हातात ठेवावं.

‘मग घ्यायचं की नाही?’

आवडलं आणि परवडत असेल तर जरूर घ्या. चांगल्या घडणीचा दागिना रोज अंगावर घालण्याचा आनंद हा खरा उपयोग आहे, आणि त्याचे पैसे मोजण्यात काही गैर नाही. अडीअडचणीला कामी यावं म्हणून घेत असाल तर कमी घडणावळीचं वळं किंवा बांगडी घ्या, दुकान साधं असलं तरी चालेल. दोन्ही हेतू एकाच खरेदीत बसवायला गेलं की फसगत होते, आणि विक्रेते नेमकं तेच सुचवतात: ‘मॅडम, घालायलाही होतं आणि इन्व्हेस्टमेंटही होते.’

असं कुणी म्हणालं तर त्याला दोन गोष्टी बिलावर वेगवेगळ्या लिहायला सांगा. एक्स्चेंज, म्हणजे त्याच दुकानातून दुसरा दागिना घेतल्यास किती धरणार. आणि बायबॅक, म्हणजे रोख किंवा खात्यात किती परत देणार. सोन्याचे किती, खड्यांचे किती, कोणत्या दिवसाच्या भावाने, आणि दुसऱ्या शहरातल्या शाखेतही तेच मिळणार का.